दोनदा नाकारलेल्या अर्जांची मुले

‘एकदा मूल पदरात पडले की माया आपोआप येते.’ नको असलेल्या गर्भारपणाची गोष्ट निघाली की हे वाक्य कोणीतरी म्हणतेच. सासू म्हणते, शेजारीण म्हणते, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. धीर देण्यासाठी म्हटलेले असते आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. पण या वाक्यात एक दावा दडलेला आहे. आईने आधी ‘नको’ म्हटले होते, याने मुलाच्या पुढच्या आयुष्यात काही फरक पडत नाही, असा तो दावा.

गर्भपाताच्या नैतिकतेवर जगभर जो वाद चालतो तो बहुतेक सगळा जन्माच्या अलीकडचा असतो. जीव केव्हा सुरू होतो, गर्भाला हक्क असतात का, बाईच्या शरीराबद्दल निर्णय कोणी घ्यायचा, हे त्यातले प्रश्न. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची उत्तरे सापडणार नाहीत. जन्मानंतरचा दावा मात्र तपासता येतो. प्राग शहरात साठ वर्षांपूर्वी तो तपासण्याची संधी चालून आली, आणि ती मिळवून दिली सरकारी कचेरीतल्या नोंदवह्यांनी.

त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियात १९५७ साली गर्भपाताला कायद्याने परवानगी मिळाली, पण मागेल तिला नव्हे. बाईने जिल्ह्याच्या समितीपुढे अर्ज करायचा, समितीने कारणे ऐकायची आणि होय किंवा नाही ठरवायचे. नकार मिळाला तर वरच्या समितीकडे अपील. बहुतेक अर्ज मंजूर होत. बारा आठवडे उलटून गेले असतील, सहा महिन्यांच्या आत आधीचा गर्भपात झालेला असेल किंवा दिलेले कारण समितीला पुरेसे वाटले नाही, तर नकार मिळे. १९६१ ते १९६३ या काळात प्रागमध्ये सुमारे २५ हजार अर्ज आले. त्यातल्या ६३८ बायकांना पहिल्या समितीनेही नाही म्हटले आणि अपिलातही नाहीच म्हटले. म्हणजे शंभरात दोन-तीन जणी.

या बायकांनी एकदा नव्हे, दोनदा, सरकारी टेबलासमोर उभे राहून, सही करून सांगितले होते की हे मूल आम्हाला नको. त्यांच्यापैकी काहींनी पुढे दुसरी वाट शोधली, काहींचा गर्भ आपोआप पडला, काही गाव सोडून गेल्या. पण अनेकींनी मूल जन्माला घातले. कोणत्याही संशोधकाला नैतिकदृष्ट्या मुद्दाम घडवता आला नसता असा प्रयोग कचेरीच्या कारभारातून घडून गेला होता.

मुले नऊ वर्षांची झाल्यावर संशोधक त्यांच्यापर्यंत पोहोचले. मानसोपचारतज्ज्ञ झ्डेनेक डिट्रिख, बालमानसशास्त्रज्ञ झ्डेनेक मातेयचेक, व्राटिस्लाव श्युलर आणि अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री डेव्हिड ही मंडळी या कामात होती. मातेयचेक यांचा यातला अधिकार मोठा. अनाथालयांतल्या मुलांच्या भावनिक उपासमारीवर त्यांनी योसेफ लांगमायर यांच्यासह १९६३ मध्ये पुस्तक लिहिले होते. चमूने २२० मुले निवडली, ११० मुलगे आणि ११० मुली. प्रत्येकाला एक जोडीदार शोधला. त्याच वयाचा, त्याच लिंगाचा, बहुधा त्याच वर्गातला, भावंडांमध्ये तितक्याच क्रमांकाचा, आईची वैवाहिक स्थिती सारखी, बापाचा कामधंदा सारख्या दर्जाचा. फरक एकच. जोडीदाराच्या आईने गर्भपातासाठी अर्ज केलेला नव्हता. तिचे गर्भारपणही ठरवून आलेले असेलच असे नाही, पण तिने ते स्वीकारले होते. तपासणाऱ्यांना कोणते मूल कोणत्या गटातले हे सांगितले जात नसे. अशा संशोधनात ही खबरदारी फार महत्त्वाची असते, नाही तर तपासणाऱ्याची नजरच निकाल ठरवते.

मग काय दिसले? नऊव्या वर्षी मोठे असे काही दिसलेच नाही. जन्माच्या वेळचे वजन सारखे. बुद्ध्यांक सारखा. पण बारकाईने पाहिल्यावर लहान लहान खुणा दिसू लागल्या. या मुलांना अंगावरचे दूध कमी काळ मिळाले होते किंवा मिळालेच नव्हते. बुद्धी सारखी असूनही शाळेतले गुण, विशेषतः मातृभाषेतले, थोडे कमी होते. ‘तुला कोणाशी मैत्री करायला आवडणार नाही?’ असे वर्गाला विचारले की यांची नावे जास्त वेळा येत. आया त्यांचे वर्णन हट्टी, चिडखोर असे जास्त करत. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कोणतीही आई ‘चालायचेच’ म्हणेल. सगळ्या खुणा एकाच दिशेने कललेल्या होत्या, ही गोष्ट मात्र चमूला खटकली.

चौदा-पंधराव्या वर्षी अंतर वाढले. या गटातली मुले नापास होत होती असे नाही. पण वर्गातल्या हुशार मुलांच्या रांगेत ती फारशी दिसत नव्हती. शाळा संपल्यावर पुढच्या शिक्षणाऐवजी सरळ कामाला लागणारी जास्त होती. एकवीस ते तेवीस या वयात नोकरीवर समाधान कमी, सहकाऱ्यांशी खटके जास्त, प्रेमात निराशा जास्त वेळा. न्यायालयात शिक्षा झालेल्यांचे प्रमाणही जोडीदारांच्या तुलनेत जास्त होते. तिशीत पोहोचेपर्यंत बरेच फरक कमी झाले. आयुष्य सगळ्यांनाच थोडे सपाट करत असावे. पण मानसोपचाराची गरज लागलेल्यांमध्ये, विशेषतः त्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये, हीच माणसे जास्त होती. पस्तिशीपर्यंत चाललेल्या या पाठपुराव्यात प्रत्येक फरक त्यांच्या विरुद्धच गेला. ज्यांना भावंडे नव्हती त्यांच्यात तो सर्वांत ठळक होता.

पुढच्या टप्प्यात संशोधकांनी या माणसांच्या सख्ख्या भावंडांनाही अभ्यासात घेतले, आणि शंका रास्तच होती. घरच भांडणाचे असेल, बापच दारुडा असेल, तर दोष ‘नको’पणाचा की घराचा? मानसोपचाराची गरज भावंडांपेक्षाही या मुलांना जास्त लागल्याचे आढळले. म्हणजे घराचा वाटा होताच, पण सगळे काही घरावर ढकलता येत नव्हते.

मातेयचेक यांनी या अवस्थेला नाव दिले, ‘मानसिक उपवंचितता’. अनाथालयातल्या मुलासारखे हे मूल उपाशी नव्हते, पण अर्धपोटी होते. मारहाण नाही, टाकून दिलेले नाही, खायला-प्यायला आहे, शाळा आहे. फक्त उबेत थोडी कसर. बाहेरून कोणाला दिसू नये आणि आतल्याला नीट सांगता येऊ नये इतकीच.

या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट मुलांबद्दलची नाही, आयांबद्दलची आहे. मूल नऊ वर्षांचे असताना चमूने आईला त्या अर्जाविषयी विचारले, तेव्हा एक-तृतीयांशाहून जास्त जणींनी असा अर्ज आपण कधी केलाच नव्हता असे सांगितले. नोंदवहीत सही होती. त्या खोटे बोलत होत्या की खरोखरच विसरल्या होत्या, हे कोणी सांगावे? मुलाला वाढवायचे तर ते विसरणे भागच असेल. माया आपोआप येते हे वाक्य या बायकांच्या बाबतीत चुकीचे होते असे म्हणता येत नाही. ते पुरे पडले नाही, एवढेच.

प्रागच्या आधी असा एक प्रयत्न स्वीडनमध्ये झाला होता. हान्स फोर्समन आणि इंगा थुवे यांनी गोटेनबर्गमध्ये १९३९ ते १९४१ या काळात गर्भपात नाकारल्यावर जन्मलेल्या १२० मुलांचा एकविसाव्या वर्षापर्यंत माग काढला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिशा तीच होती. पण त्यांची तुलना ढोबळ होती. त्याच रुग्णालयात त्यानंतर जन्मलेले त्याच लिंगाचे पुढचे मूल, एवढीच जोडी. गरिबी, बापाविना घर यांचा परिणाम त्यातून वेगळा काढणे कठीण. प्रागच्या चमूने जोड्या लावण्यात एवढी मेहनत घेतली ती त्यामुळेच.

त्याच १९६६ साली, ऑक्टोबरमध्ये, रुमानियात निकोलाय चाउशेस्कू यांच्या सरकारने फर्मान क्रमांक ७७० काढले. तोवर तिथे गर्भपात सहज होत असे. फर्मानाने तो जवळपास पूर्ण बंद केला. पंचेचाळीस वर्षांवरील बायका, चार मुलांच्या आया आणि थोडे इतर अपवाद सोडले तर कोणालाही नाही. देशाला मनुष्यबळ हवे होते. १९६६ मध्ये देशात २ लाख ७४ हजारांच्या आसपास मुले जन्मली. १९६७ मध्ये ५ लाख २८ हजार. एका वर्षात जवळजवळ दुप्पट. प्रसूतिगृहे पुरेनात, मग काही वर्षांनी शाळेचे वर्ग पुरेनात.

पण बायकांनी पुढे चोरवाटा शोधल्या आणि जन्मदर पुन्हा खाली येत गेला. वर गेले ते बायकांचे मृत्यू. १९८९ मध्ये रुमानियात दर एक लाख जन्मांमागे दीडशेहून अधिक माता मरत होत्या, युरोपात सर्वाधिक. त्यातले बहुसंख्य मृत्यू चोरून केलेल्या गर्भपातांमुळे होते. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, नव्या सरकारने पहिल्याच दिवसांत ते फर्मान रद्द केले, आणि पुढच्या वर्षी मातामृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. वैद्यकाच्या इतिहासात एका कागदाने इतक्या झटपट वाचवलेले जीव थोडेच सापडतील.

राहिली मुले. राजवट पडल्यावर परदेशी वार्ताहर आत गेले तेव्हा सरकारी बालगृहांत एक लाखाहून अधिक मुले सापडली. त्यातली बहुतेक अनाथ नव्हती. आईबाप जिवंत होते, पोसणे झेपत नव्हते. पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमध्ये सहा ते एकतीस महिन्यांच्या १३६ बाळांवर अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले खास तयार केलेल्या पालक-कुटुंबांत पाठवली, उरलेली होती तिथे राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, मेंदूतले विद्युत-तरंग सुधारले, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचे सर्वांत जास्त. चिठ्ठी ज्यांच्या विरुद्ध गेली त्यांचे काय, हा प्रश्न या प्रयोगालाही नैतिक वादात ओढून गेला, आणि तो वाद योग्यच होता.

रुमानियाचे उदाहरण देताना एक सावधगिरी हवी. अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तियान पॉप-एलेकेश यांनी बंदीनंतर जन्मलेल्या मुलांचे शिक्षण आणि नोकऱ्या तपासल्या, तेव्हा सरासरीने ही मुले आधीच्यांपेक्षा सरस निघाली! कारण असे की बंदीपूर्वी गर्भपात करून घेणाऱ्यांत शहरातल्या, शिकलेल्या बायका जास्त होत्या. बंदीनंतर त्यांच्याच घरी जास्त मुले जन्मली. आईबापांची पार्श्वभूमी हिशेबात धरल्यावर चित्र उलटे झाले. त्याच प्रकारच्या घरांतली बंदीनंतरची मुले मागे पडलेली दिसली. नुसती सरासरी दाखवून कोणतीही बाजू मांडता येते, हे वादात उतरणाऱ्या दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवावे.

प्राग आणि रुमानिया जुने झाले, आजच्या बाईचे काय? अमेरिकेत डायना ग्रीन फॉस्टर यांच्या चमूने २००८ पासून या प्रश्नाचा माग घेतला. तिथल्या प्रत्येक दवाखान्याची आठवड्यांची मर्यादा वेगळी असे. मर्यादेच्या किंचित आत पोहोचलेल्या बायकांना गर्भपात मिळे, काही दिवस उशीर झालेल्यांना परत पाठवले जाई. दोघींची परिस्थिती जवळपास सारखी. तीस दवाखान्यांतल्या सुमारे हजार जणींशी पाच वर्षे, दर सहा महिन्यांनी, संशोधक बोलत राहिले.

गर्भपात मिळालेल्या बायका पुढे पश्चात्तापाने खचतात का? पाच वर्षांत केव्हाही विचारले तरी ९५ टक्क्यांहून अधिक जणींनी निर्णय बरोबर होता असे सांगितले. परत पाठवलेल्यांची चिंता सुरुवातीला वाढली, पण सहा महिने ते वर्षभरात दोन्ही गटांचे मनःस्वास्थ्य सारखे झाले. सारखे झाले नाही ते घराचे अर्थकारण. परत पाठवलेल्यांची कर्जे थकली, गरिबीत राहण्याची शक्यता वाढली, मारझोड करणाऱ्या पुरुषाशी संबंध तोडणे लांबले. त्या हजारांपैकी निम्म्याहून जास्त जणी आधीच आई होत्या, आणि फटका त्या आधीच्या मुलांनाही बसला.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा गर्भपाताच्या बाजूने बोलणारे सहसा सांगत नाहीत, तो इथे सांगायला हवा. नकार मिळून आठवडा झाला तेव्हा ६५ टक्के बायका म्हणत होत्या की गर्भपात झाला असता तर बरे झाले असते. मूल जन्मल्यावर हे प्रमाण १२ टक्क्यांवर आले. पाच वर्षांनी ४ टक्क्यांवर. शेजारणीचे वाक्य अशा रीतीने बऱ्यापैकी खरे ठरते. पदरात पडलेल्या मुलाबद्दल ‘हे नसते तर’ असे म्हणणारी आई विरळा. दत्तक द्यायलाही या बायका तयार झाल्या नाहीत. परत पाठवलेल्यांपैकी ज्यांनी मूल जन्माला घातले त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणींनी ते स्वतःच वाढवले. मग बिनसते कुठे? आई आणि मूल यांच्यातली जवळीक मोजली तेव्हा नकारानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत ती कमकुवत असण्याचे प्रमाण ९ टक्के होते. गर्भपात मिळालेल्यांनी पुढे आपल्या वेळेने जन्माला घातलेल्या मुलांच्या बाबतीत ३ टक्के. बहुसंख्य मुले दोन्हीकडे ठीक. पण तिप्पट फरक क्षुल्लक म्हणता येत नाही.

या बायकांनी गर्भपाताची कारणे काय दिली होती, ते पाहिले की कोडे थोडे उलगडते. पैसे नाहीत. ही वेळ नाही. त्याचा भरवसा नाही. आधीच्या पोरांकडे कोण बघणार? मुलांचा तिटकारा यात कुठेच नाही. तो घरच्या परिस्थितीचा अंदाज आहे, आणि पुढच्या पाच वर्षांचे आकडे सांगतात की तो अंदाज बराचसा बरोबर होता. प्रागच्या समितीला जी कारणे अपुरी वाटली त्यातही असेच काहीतरी असणार. दहा-पंधरा मिनिटे अर्ज चाळणाऱ्या समितीपेक्षा त्या बाईला आपल्या घराची जास्त माहिती होती, असे तीस वर्षांच्या पाठपुराव्यातून दिसते. माया हवीच, पण मायेला पैसा, झोप, जागा आणि सोबतीला एखादे माणूसही लागते.

एवढ्याने गर्भपाताचा नैतिक प्रश्न निकालात निघाला, असे समजणे मात्र घाईचे होईल. विरोधकांचा मूळ मुद्दा असा आहे की जगण्याचा हक्क कोणाला आपण हवेसे आहोत की नाही यावर अवलंबून नसतो. त्याला प्रागचे आकडे उत्तर देऊ शकत नाहीत. ती २२० माणसे आज साठीच्या पुढे आहेत. त्यांच्यातले कित्येक सुखाने संसार करत असतील, नातवंडे खेळवत असतील. फरक गटांच्या सरासरीत होता, प्रत्येकाच्या कपाळावर लिहिलेला नव्हता. ‘अशी मुले जन्मलीच नसती तर बरे’ असा अर्थ या अभ्यासातून काढणे हा आकड्यांचाही अपमान आणि माणसांचाही. अमेरिकेत २००१ मध्ये जॉन डोनह्यू आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी गर्भपात कायदेशीर झाल्यामुळे पुढे गुन्हेगारी घटली असा सिद्धांत मांडला तेव्हा त्यावर वादळ उठले. त्यांच्या हिशेबात चूकही दाखवली गेली, आणि वाद अजून मिटलेला नाही. पण हिशेब बिनचूक असता तरी तो गर्भपाताच्या बाजूचा युक्तिवाद म्हणून वाईटच ठरला असता. कोणत्या आईच्या पोटी गुन्हेगार निपजतील हे सरकार ठरवू लागले की पुढचे पाऊल फार दूर नसते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही, आणि इथे त्याला आणखी एक गाठ आहे.

बालविधवेला दिवस गेले की तिच्यापुढे दोनच वाटा, वैदूचे जहर किंवा विहीर. अशा काळात, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. बायांनी गुपचूप यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यायचे तर न्यावे, नाही तर ठेवून जावे. बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर १८८४ मध्ये मत देताना फुल्यांनी या गृहाचा हिशेब दिला आहे. तोवर ३५ गरोदर विधवा तिथे बाळंत झाल्या. त्या मुलांपैकी जगली पाच. बाकीची तीस मेली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच त्यांची हानी झाली होती, असे फुले लिहितात. इतक्या वर्षांनंतरही हा हिशेब वाचताना हात थबकतो. दार उघडे होते, पण त्या बायका दारापर्यंत पोहोचल्या तेव्हा उशीर झालेला होता. फुले दांपत्याने अशाच एका विधवेचे मूल दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंसह रोग्यांची सेवा करत होता.

दुसरी गाठ ‘नकोशी’ची. मुलगा हवा म्हणून मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीचे नावच नकोशी ठेवण्याची रीत साताऱ्याकडे होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा दोनशेहून अधिक मुलींची नावे बदलली. त्याआधी या मुली हजेरीच्या वेळी रोज ‘नकोशी’ अशी हाक ऐकत आणि ‘हजर’ म्हणत. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला होता, तरीही ही स्थिती.

प्रागमधले ‘नको’ आणि साताऱ्यातले ‘नको’ एकच नव्हे. तिथे बाई म्हणत होती की आत्ता मूल नको. इथे घर म्हणते की मूल हवे, पण हे नको, आणि बाईचे मत बहुधा कोणी विचारलेलेच नसते. पहिलीला पर्याय द्यायचा आणि दुसऱ्या प्रकाराला अटकाव करायचा, अशी दुहेरी कसरत आपल्या यंत्रणेला करावी लागते. ती नेहमी जमत नाही. लिंगनिदानावर धाडी पडू लागल्या की औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद करतात आणि काही डॉक्टर कटकट नको म्हणून तीन महिन्यांपुढच्या बाईला परत पाठवतात. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गोळ्यांचा लिंगनिवडीशी संबंध नसतो, कारण तेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही. पण भीती हा बारकावा पाहत नाही.

आपला कायदाही याच खेचाखेचीतून घडला. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने १९६४ मध्ये समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याचा हेतू चोरट्या गर्भपातांनी मरणाऱ्या बायका वाचवणे हा होता, त्यात लोकसंख्येची काळजीही मिसळलेली होती. मात्र त्यात ‘बाईला नको’ हे कारण म्हणून कुठेच नाही. तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका आहे असे डॉक्टरचे मत हवे. गर्भनिरोधक साधन फसले तर असा धोका आहे असे मानावे, एवढी पळवाट कायद्याने ठेवली, तीही आधी फक्त विवाहितेसाठी. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ शब्द आला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ मिळेल असे स्पष्ट केले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र याच न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणाने सगळे प्रश्न पुन्हा उभे केले. सत्तावीस वर्षांची विवाहिता, दोन मुले, धाकटे अंगावर पिणारे. पाळी आलेलीच नव्हती, त्यामुळे दिवस गेल्याचे फार उशिरा कळले. आधीच्या बाळंतपणानंतर सुरू झालेल्या मानसिक आजारावर औषधे चालू. ९ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली. मग दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी विचारले की गर्भ जगण्याजोगा आहे, त्याचे हृदय आधी थांबवायचे का? दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. १६ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली. गर्भ २६ आठवडे आणि ५ दिवसांचा होता. बाळंतपणाचा खर्च सरकारने करावा आणि आईबापांना हवे असल्यास मूल दत्तक देता यावे, असे ठरले. उशिराच्या गर्भपातात बाई आणि गर्भ यांच्यात असे सरळ भांडण उभे राहते, आणि तिथे सोपे उत्तर कोणाकडेच नाही. पहिल्या काही आठवड्यांत ते भांडण इतके तीव्र नसते. म्हणून वेळेला एवढे महत्त्व.

या वेळेच्या हिशेबात ठाऊक असाव्यात अशा काही गोष्टी. विसाव्या आठवड्यापर्यंत एका पात्र डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि कायद्याने सांगितलेल्या वर्गांतल्या बायकांनाच ती सोय आहे. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवते. गोळ्यांनी होणारा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. २०१५ मध्ये देशात झालेल्या अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपातांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले होते, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्या बऱ्याच सुरक्षित असल्या तरी गर्भ नळीत असेल किंवा दिवस मोजण्यात चूक झाली असेल तर जीवावर बेतू शकते. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही कायद्याने लागत नाही, कोणी रुग्णालयात मागितली तरी. तिचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे.

आणि मूल जन्माला घालायचे पण वाढवणे शक्य नाही, अशी जिची स्थिती आहे तिला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे मूल सोपवता येते. त्यासाठी उकिरडा किंवा मंदिराची पायरी गाठण्याची गरज नाही. समितीपुढे कागद झाल्यावरही विचार बदलायला तिला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत ती परत आली तर मूल तिला परत मागता येते. नाही आली, तर ते दत्तक देण्यास मोकळे असल्याचे समिती जाहीर करते.